भिंत मालकाची, धूळ कोणाची?

गेल्या वर्षीची दिवाळी मी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात, मुलाच्या घरी केली. तिकडे दिवाळी तिथीप्रमाणे येत नाही, सोयीच्या शनिवारी येते. तशा एका शनिवारी कोणाच्या तरी घरी पंचवीस-तीस मराठी मंडळी फराळाला जमली होती. चकल्या खुसखुशीत होत्या, अनारसे थोडे फसले होते, आणि मुले जिन्यावरून वरखाली पळत होती. मोठ्यांचे बोलणे मात्र, जिथे तीन मराठी माणसे जमतात तिथे होते तसेच, जागांच्या भावावर येऊन ठेपले.

त्यांत एक गृहस्थ होते. हुद्द्याने इंजिनिअर, वागण्याने सज्जन, बोलायला मोकळे. वूस्टर शहरात त्यांनी दोन जुनी लाकडी तीनमजली घरे घेतली आहेत. म्हणजे सहा बिऱ्हाडे. तरुण मंडळींना ते गुंतवणुकीचा उपदेश करीत होते. भाडे नियमित येते, भाव चढतात, बँक कर्ज देते, वगैरे. शेवटी ते म्हणाले, "फक्त एक पथ्य पाळा. लहान मूल असलेल्या कुटुंबाला जागा देऊ नका. उघड तसे म्हणता येत नाही, पण काहीतरी कारण काढायचे. नाहीतर तो शिशाचा कायदा मागे लागतो."

मी विचारले, "म्हणजे तुमच्या घरांत शिसे आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे?"

ते हसले. "काका, तीच तर गोम आहे. मी तपासलेच नाही. तपासले की ठाऊक होते, ठाऊक झाले की सांगावे लागते, आणि सांगितले की सगळे पुढचे आलेच. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

सगळे हसले. त्याच वेळी त्यांची स्वतःची तीन वर्षांची मुलगी त्यांच्या गुडघ्याला धरून करंजी खात उभी होती. दुसऱ्याच्या घरी, फराळाच्या ताटावर भांडू नये, म्हणून मी गप्प बसलो. पण ती करंजी माझ्या घशात अडकली ती अडकलीच. त्या वेळी दिले नाही ते उत्तर आता देतो. आणि उत्तर देताना मला स्वतःचीही एक गोष्ट सांगावी लागणार आहे, ती शेवटी सांगेन.

आधी हे शिशाचे प्रकरण काय ते सांगतो. आपल्या रंगाऱ्यांचा जुना शब्द आहे सफेता. सफेता म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग. तो दाट बसतो, टिकतो, धुतला तरी जात नाही. म्हणून अमेरिकेत घरोघरी लाकडी खिडक्या, दारे, व्हरांडे आणि कठडे ह्याच रंगाने रंगवीत. तिकडच्या सरकारने घरगुती रंगांत शिसे घालायला बंदी केली ती १९७८ साली. पण बंदी झाली ती नव्या डब्यांना. भिंतीवर आधीच चढलेला रंग कोणी उतरवला नाही. २०१८-१९ च्या सरकारी पाहणीप्रमाणे त्या देशात अजून सुमारे साडेतीन कोटी घरांत असा रंग आहे.

हा रंग भिंतीला धरून असतो तोवर निमूट असतो. पण लाकूड फुगते, आकसते, रंगाचे पापुद्रे सुटतात. त्यांतही खिडकी सर्वांत वाईट. वर-खाली सरकणारी खिडकी प्रत्येक वेळी चौकटीवर घासते आणि चिमूटभर पीठ पाडते. ते पीठ खिडकीच्या खाचेत, तिथून जमिनीवर, तिथून रांगत्या मुलाच्या तळहातावर आणि तळहातावरून तोंडात. मूल भिंत चाटते असे नाही. मूल फक्त मुलासारखे वागते, आणि तेवढे पुरते.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते. मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे लहान मूल शोषून घेते, ते हाडांत साठते आणि वाढत्या मेंदूत शिरते. मुलाला ताप येत नाही, पुरळ उठत नाही. ते थोडे मंद होते, थोडे हट्टी होते, शाळेत त्याचे लक्ष लागत नाही. आई-बाप म्हणतात, वळण नाही. मास्तर म्हणतात, डोके नाही. आणि जे गेले ते कोणत्याही औषधाने परत येत नाही. रक्तातले शिसे उतरवता येते, मेंदूचे झालेले नुकसान भरून देता येत नाही.

ही काही कालची माहिती नव्हे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरातल्या लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डॉक्टरने १९०४ साली लिहून ठेवले, की मुले विषबाधेने आजारी पडतात ती घराच्या भिंतींच्या आणि व्हरांड्याच्या कठड्याच्या रंगामुळे. १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने घराच्या आतल्या रंगकामात सफेता वापरू नये असा करार केला. त्याच्या पुढच्याच वर्षी क्वीन्सलँडने आपल्याकडे कायदा केला. अमेरिकेत बाल्टिमोर शहराने १९५१ साली घरांच्या आतल्या रंगाला बंदी घातली, आणि साऱ्या देशाला ती करायला आणखी सत्तावीस वर्षे लागली. अज्ञान ही सबब विसाव्या शतकाच्या आरंभीच संपली होती. पुढे चालली ती टाळाटाळ.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९२ साली एक कायदा केला आणि त्याखालचे नियम १९९६ साली लागू झाले. १९७८ पूर्वीचे घर विकणाऱ्याने किंवा भाड्याने देणाऱ्याने, त्यात शिशाचा रंग असल्याचे आपल्याला ठाऊक असेल तर ते लिहून द्यावे, आणि एक माहितीपुस्तिका हातात ठेवावी. बस्स. हा कायदा म्हणतो "सांग". तो "तपास" म्हणत नाही आणि "काढ" तर नाहीच नाही. ज्याने तपासले त्याला सांगणे आले, ज्याने डोळे मिटले तो मोकळा. आमच्या गृहस्थांच्या झाकल्या मुठीचे रहस्य इथे आहे. प्रामाणिक माणसाला शिक्षा आणि डोळेझाकीला बक्षीस, असा हा न्याय आहे.

मॅसॅच्युसेट्सचा राज्याचा कायदा मात्र पुष्कळ पुढे गेलेला आहे. तो १९७१ सालचा आहे, म्हणजे देशव्यापी बंदीच्याही आधीचा. तो सांगतो, की १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालील मूल राहत असेल, तर घरमालकाने तिथला शिशाचा धोका काढून टाकावा किंवा पक्का झाकून घ्यावा. सुटलेले पापुद्रे, घासणारे खिडकीचे भाग, मुलाच्या दातांत येतील अशा कडा, हे सारे त्यात आले. काम परवानाधारक माणसाकडून तपासून घ्यायचे आणि तसे प्रमाणपत्र मिळवायचे. मूल आजारी पडण्याची वाट पाहायची नाही. आणि मूल आजारी पडलेच, तर "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर त्या राज्याच्या न्यायालयात चालत नाही. शिशामुळे पोरे असलेल्या कुटुंबाला जागा नाकारणे किंवा घराबाहेर काढणे हाही तिथे गुन्हाच धरलेला आहे. म्हणजे आमचे गृहस्थ जे "पथ्य" सांगत होते, ते बेकायदा होते, आणि ते त्यांना पक्के ठाऊक होते.

त्या दिवशी त्यांनी पुढे जे मुद्दे मांडले ते एकेक घेतो. कारण ते एकट्या त्यांचे नाहीत. जगभरचे घरमालक हेच बोलतात.

पहिला मुद्दा: "हा रंग मी लावलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी लावला." खरे आहे. पण घरही तुम्ही बांधलेले नाही, तरी भाडे तुम्हीच घेता ना? वाडवडिलांची इस्टेट घेताना कर्जही घ्यावे लागते, हे आपल्याकडे खेड्यातल्या शेतकऱ्यालाही कळते. घर घेतले तेव्हा त्याच्या चतुःसीमा घेतल्या, छप्पर घेतले, तळघर घेतले, तेव्हा खिडकीच्या चौकटीतले पीठही घेतले. रंग करणाऱ्या कारखान्यांना सोडा असे मी म्हणत नाही. कॅलिफोर्नियात अनेक वर्षे खटला चालून २०१९ साली तीन मोठ्या कंपन्यांनी तीस कोटी पन्नास लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि ते योग्यच झाले. मालकाने कारखानदाराच्या मानगुटीवर जरूर बसावे. पण ते भांडण मिटेपर्यंत मुलाने धूळ खात बसावे, हे कुठले शास्त्र?

दुसरा मुद्दा: "आई-बापांनी लक्ष ठेवावे, घर पुसावे." हा युक्तिवाद जुना आहे. १९५० च्या दशकात शिशाच्या उद्योगातील लोकही हेच म्हणत, की दोष रंगाचा नाही, गरीब वस्तीतल्या अडाणी आयांचा आहे. पण आई काय पुसणार? ही धूळ डोळ्यांना दिसत नाही. आज पुसली तर उद्या खिडकी उघडताच पुन्हा पडते. आई ती खिडकी बदलू शकत नाही, कारण भाडेकरूने घरात फेरफार करू नयेत असे तुमच्याच करारात लिहिलेले असते. ज्याला हातोडी उचलायचा हक्क आहे, त्यानेच ती उचलली पाहिजे. हक्क मालकाचा आणि फडके भाडेकरणीचे, ही वाटणी मला मान्य नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत लोकप्रिय: "आम्ही लहानपणी असल्याच घरांत वाढलो, आम्हांला काय झाले?" अहो, तेव्हा मोजले कोणी? १९६० च्या दशकात अमेरिकेत रक्ताच्या दर डेसिलिटरमागे साठ मायक्रोग्रॅम शिसे निघाले तर डॉक्टर दखल घेत. पुढे ती रेषा उतरत उतरत १९९१ साली दहावर, २०१२ साली पाचवर आणि २०२१ साली साडेतीनवर आली. मुले नाजूक झाली म्हणून ती उतरली नाही, डॉक्टरांचे डोळे उघडले म्हणून उतरली. शिशाची अमुक मात्रा निर्धोक, असे आता कोणी म्हणत नाही. तुम्ही इंजिनिअर झालात हे चांगले झाले. तुमच्या वर्गातला जो पोरगा मागच्या बाकावर बसून राहिला, त्याला काय झाले होते ते तुम्ही कधी विचारले होते काय?

चौथा मुद्दा खर्चाचा. ह्यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. खालच्या मजल्यावर स्वतः राहून वरच्या दोन मजल्यांच्या भाड्यावर जगणारी एखादी वृद्धा असते, तिला खिडक्या बदलणे परवडत नाही. तिच्या पाठीशी सरकारने उभे राहिले पाहिजे. मॅसॅच्युसेट्समध्ये ह्या कामासाठी स्वस्त कर्जाची सोय आहे, आणि संपूर्ण काम केले तर दर बिऱ्हाडामागे तीन हजार डॉलरपर्यंत करात सवलत मिळते. ती अपुरी असेल तर वाढवावी, त्यासाठी मी सही देईन. पण सहा बिऱ्हाडांच्या मालकाने त्या वृद्धेच्या पदराआड लपू नये.

इतके सांगितल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गृहस्थांच्या "पथ्या"ने मला त्या चांगल्या कायद्यातलीही एक फट दाखवली. कर्तव्य मुलाच्या पायाला बांधलेले आहे. मूल घरात आले की कर्तव्य येते, म्हणून मालक मुलालाच दारात अडवतो. आणि प्रत्यक्षात सरकारी तपासनीस दार ठोठावतो तो बहुधा दोनच वेळा: भाडेकरूने धीर करून तक्रार केली तर, किंवा मुलाच्या रक्ताचा अहवाल वाईट आला तर. तक्रार केली की घर जाईल, ही भीती भाडेकरूच्या मनात असते. म्हणून शेवटी अहवालच बोलतो. म्हणजे भिंतीत शिसे आहे की नाही हे मुलाच्या रक्तातून ओळखायचे. कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला पूर्वी पिंजऱ्यातला पक्षी नेत. पक्षी मेला की माणसे बाहेर पळत. आपण इथे पिंजऱ्यात मूल ठेवले आहे.

हे मी वाढवून सांगत नाही. १९९० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये एका संशोधनात जुन्या घरांची कमी-अधिक खर्चाची डागडुजी केली, सगळे शिसे न काढता. त्यांत लहान मुलांची कुटुंबे राहिली, आणि कोणती डागडुजी किती उपयोगी पडते हे पाहायला मुलांचे रक्त वेळोवेळी तपासले. २००१ साली मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर अतिशय कडक शब्दांत ताशेरे ओढले. वाचून अंगावर शहारे येतात. पण मग माझ्या मनात आले, संशोधकांनी निदान वही ठेवली होती. जो मालक न तपासता जागा देतो, तो तोच प्रयोग करतो, फक्त नोंद ठेवीत नाही.

ह्यावर उपाय नाही असे नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहराने २००५ साली ठराव केला, की भाड्याच्या जुन्या घरांची शिशासाठी ठरावीक मुदतीने तपासणी झालीच पाहिजे, घरात मूल असो वा नसो. कर्तव्य मुलाच्या पायातून सोडवून घराच्या उंबऱ्याला बांधले. पुढच्या वर्षांत तिथल्या मुलांच्या रक्तातले शिसे राज्याच्या इतर भागांपेक्षा वेगाने उतरले. घरच तपासायचे असल्यावर मुलाला दारात अडवून मालकाला फायदा काय? मला जे म्हणायचे आहे ते सारे ह्यात आले. जबाबदारी घराची आहे, आणि ती मूल उंबरा ओलांडण्याच्या आधीची आहे. रक्त तपासल्यावर खिडकी बदलणे हे वरातीमागून घोडे झाले.

आता माझी स्वतःची गोष्ट. पुण्याला एका जुन्या वाड्यात वडिलोपार्जित तीन खोल्या माझ्या नावावर आहेत. मीही घरमालक आहे. तिथे एक तरुण जोडपे आणि त्यांची दीड-दोन वर्षांची मुलगी राहते. अमेरिकेला जाण्यापूर्वीच्या दिवाळीला मी मोठ्या औदार्याने त्यांच्या खिडक्या रंगवून दिल्या. रंगारी आला, पत्र्याच्या पट्टीने आणि पॉलिश पेपरने जुना तैलरंग कोरडाच खरवडू लागला. हिरव्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली करडा, आणि गजांवर अगदी तळाशी तो शेंदरी हात, जो लोखंडाला गंज चढू नये म्हणून पूर्वी देत. शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म, हे मी शाळेत शिकलो होतो. पिवळ्या-तांबड्या तैलरंगांतही शिसे सढळ हाताने घालीत. खोलीभर धुराळा उडाला होता. मुलगी कोपऱ्यात भातुकली मांडून बसली होती, आणि मी दारात उभा राहून त्या माउलीला म्हणालो, "ताई, तेवढी धूळ मागाहून झाडून घ्या हं."

वूस्टरचे ते गृहस्थ बोलले तेव्हा माझ्या घशात जे अडकले, ते खरे म्हणजे हे वाक्य होते.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, असा केंद्र सरकारचा नियम २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. उत्तम झाले. पण तोही नव्या डब्याचाच नियम. जुन्या भिंतीवरच्या, जुन्या खिडकीवरच्या रंगाबद्दल घरमालकाला जबाबदार धरणारा कायदा आपल्याकडे नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा घर चांगल्या दुरुस्तीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य मानतो, आणि पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने ते केले नाही तर भाडेकरूने ते करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करावा अशी मुभा देतो. पण "दुरुस्ती" म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गळके छप्पर येते. विषारी खिडकी येत नाही. आमचे अकरा महिन्यांचे करार पाहा! भिंतीला खिळे मारू नयेत, कुत्रे पाळू नये, मांसमच्छी शिजवू नये, ह्याची कलमे असतात. मुलाला खाण्याजोगी धूळ पुरवणार नाही, असे मालकाने लिहून दिलेला करार मी अजून पाहिलेला नाही. माझाही तसा नव्हता.

हा प्रश्न थोड्यांचा नाही. युनिसेफने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात पाच मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आहे, आणि त्यांत भारताचा वाटा सर्वांत मोठा आहे. ते सारे भिंतीवरून येते असे नाही. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे धंदे, भेसळीचे मसाले, काही भांडी, अशी त्याची अनेक दारे आहेत. पण निदान आपल्या मालकीचे जे दार आहे ते तरी आपण लावून घ्यावे.

परत आल्यावर मी पहिले काम केले ते त्या मुलीच्या रक्ताची तपासणी माझ्या खर्चाने करून देण्याचे. आकडा मी इथे सांगत नाही. तो तिचा आहे, माझ्या लेखाच्या सोयीचा नाही. मग तज्ज्ञांकडून रंग तपासून घेतला. काम चालू असताना त्या कुटुंबाची सोय आमच्या घरी केली, जुने गज काढून नवे बसवले, लाकूड ओले करून घासून घेतले, खाली प्लॅस्टिक अंथरले, केरसुणी फिरवू दिली नाही, सगळे ओल्या फडक्याने पुसून घेतले. खर्च बराच आला. तो मी भाड्यात चढवला नाही. ह्यात मोठेपणा काहीच नाही. हे मला वीस वर्षांपूर्वी करता आले असते, आणि कोणी भाग पाडले नाही म्हणून मी केले नाही. म्हणूनच कायदा हवा. माझ्यासारख्याच्या चांगुलपणावर मुलांचे डोके अवलंबून ठेवू नये.

वाचकहो, हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा घरोघरी रंगकाम नुकतेच आटोपलेले असेल, किंवा अजून चाललेले असेल. जुन्या खिडक्या कोरड्या खरवडू देऊ नका, रंग जाळून काढू देऊ नका, आणि काम संपेतो मुलांना मावशीकडे पाठवा. तुम्ही भाडेकरू असाल तर मालकाला विचारा, खाली काय रंग आहे. आणि माझ्यासारखे मालक असाल, तर कोणी विचारण्याची वाट पाहू नका. पुढच्या करारात एक कलम स्वतः घाला, की ह्या घराचा जुना रंग तपासला आहे आणि तो मुलांना निर्धोक केला आहे. आमदार मते मागायला येतील तेव्हा तेच कलम कायद्यात मागा.

त्या गृहस्थांना हा अंक मी पाठवणार आहे. त्यांच्या मुलीला माझे आशीर्वाद. तिच्या घराच्या खिडक्या नव्या आहेत, हे मी त्या रात्री पाहून घेतले होते. त्यांच्या भाडेकरूंच्या मुलांनाही तशाच मिळाव्यात, एवढीच माझी दिवाळीची ओवाळणी मागणी आहे.